विश्लेषण : गाव वाढते आहे, पण रस्ता कोणी आखायचा?

गावठाणाबाहेर घरे आधी उभी राहतात आणि रस्ता नंतर शोधला जातो. छोट्या वस्तीसाठी रस्त्यांचे जाळे आधीच का आखायला हवे, ते कसे आखतात, किल्लारीच्या पुनर्वसनाने याबाबत काय शिकवले आणि ग्रामपंचायतीच्या हातात नेमके काय आहे, याचा हा आढावा.

तालुक्याच्या रस्त्यावरचे कोणतेही वाढते गाव पाहिले तर तिथे आता दोन गावे दिसतात. एक जुने गावठाण : वेस, मारुतीचे देऊळ, चावडी, पार आणि त्यांना जोडणाऱ्या वाकड्यातिकड्या गल्ल्या. दुसरे त्याच्या भोवती वाढलेले नवे गाव : शेतांचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, त्यांवरची स्लॅबची घरे आणि घरांमधून जाणारे आठ-दहा फुटांचे बोळ, जे बहुतेक वेळा कुणाच्या तरी कुंपणापाशी संपतात. जुन्या गावाच्या गल्ल्या अरुंद असल्या तरी त्या एकमेकींना मिळतात. नव्या गावातले रस्ते मात्र एकमेकांना मिळतच नाहीत. खरे दुखणे रुंदीपेक्षा इथेच अधिक आहे.

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे, त्याला कारण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीचा निवासी वापर करण्याची प्रक्रिया सोपी झाली. २०२५ मध्ये राज्य सरकारने तुकडेबंदी कायद्याच्या अटी सैल करून गुंठ्या-दोन गुंठ्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याचा मार्गही मोकळा केला. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्यामुळे दूर होईल, हे चांगलेच. पण कागद नियमित झाला म्हणून दारापर्यंत रस्ता येत नाही. किंबहुना प्लॉटच्या हद्दी कायम झाल्या, की रस्त्यासाठी जागा सुटण्याची शेवटची संधीही संपते.

दोन गुंठ्यांची बचत किती महागात पडते?

एक साधा हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. समजा, एका शेतकऱ्याचे एक एकर शेत २२० फूट लांब आणि १९८ फूट रुंद आहे. प्लॉट पाडताना त्याने मधून लांबीभर १० फुटांचा रस्ता सोडला, तर २,२०० चौरस फूट, म्हणजे साधारण दोन गुंठे जागा जाते. हाच रस्ता २० फुटांचा सोडला तर चार गुंठे जातात. म्हणजे चाळीस गुंठ्यांत फरक फक्त दोन गुंठ्यांचा.

ही दोन गुंठ्यांची बचत विकणाऱ्याच्या खिशात एकदाच जाते. तिचा भुर्दंड मात्र तिथे राहायला येणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भरतात. दहा फुटांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी पायऱ्या येतात, ओटा येतो, पाण्याचा हौद येतो, दुचाकी उभी राहते. उरतात सहा फूट. मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट असू शकते. मग अग्निशमन बंब आत जात नाही. रुग्णवाहिका कोपऱ्यावर थांबते आणि रुग्णाला खाटेवरून तिथवर आणावे लागते. शोषखड्डा उपसणारी गाडीही येत नाही. सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली दारापर्यंत नेता येत नाही.

त्यापुढची अडचण शेजारच्या शेतात आहे. पुढच्या वर्षी शेजाऱ्यानेही प्लॉट पाडले, पण त्याने रस्ता दुसऱ्या बांधाला धरून सोडला. दोन्ही रस्ते स्वतःच्याच हद्दीत संपतात. शंभर फुटांवरच्या घरी जायला मुख्य रस्त्यावरून अर्धा किलोमीटर वळसा घालावा लागतो. प्रत्येक मालकाने आपापल्या परीने रस्ता सोडलेला असतो. तरीही गावाला रस्त्यांचे जाळे मिळत नाही. कारण जाळे ही एकट्या मालकाने करण्याची गोष्टच नव्हे. ती आधी, सगळ्यांसाठी मिळून ठरवावी लागते.

जुन्या गावठाणाची रचना काय सांगते?

जुनी गावे कुणी आराखडा काढून वसवली नव्हती, पण त्यांच्यामागे विचार होता. घरांसाठी ‘पांढरी’ आणि शेतीसाठी ‘काळी’ अशी जमिनीची विभागणी होती. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे, त्यामुळे पावसाचे पाणी गावातून बाहेर वाहून जाई. गल्ल्या उताराला धरून असत. वेशीपासून चावडीपर्यंतची वाट रुंद, तिथून फुटणाऱ्या आळ्या त्याहून अरुंद आणि शेवटचे बोळ फक्त माणसांपुरते. म्हणजे रस्त्याची रुंदी त्यावरून काय जाणार यावर ठरत होती.

गावाबाहेरच्या वाटांनाही मापे होती. महसुली नकाशावर तुटक दुबार रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते २१ फुटांचा आणि तुटक एका रेषेने दाखवलेला पायमार्ग सव्वाआठ फुटांचा धरला जातो. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांचा उगम मोजणीच्या साखळीत आहे. जमीन मोजण्याची साखळी ३३ फुटांची. तिची लांबी-रुंदी घेतली की एक गुंठा होतो. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ फूट म्हणजे पाव साखळी. बैलगाडीसाठी अर्धी साखळी आणि माणसासाठी पाव, इतका सोपा नियम होता.

या रचनेत मोठा दोषही होता, आणि तो झाकून चालणार नाही. रस्त्यांचे जाळे गावकुसाच्या आतल्यांसाठी होते. बाहेर ठेवलेल्या वस्त्यांकडे जाणारी वाट बहुतेक ठिकाणी एकच आणि तीही ओढ्याकडेची, चिखलाची. आज त्या वस्तीच्या आत सरकारी योजनेतून काँक्रीटची गल्ली झालेली दिसते. पण ती गल्ली शाळेच्या, बाजाराच्या रस्त्याला सरळ जोडलेली असतेच असे नाही. नवे जाळे आखताना पहिली रेघ इथून काढली, तर जुना अन्याय काही अंशी तरी पुसता येईल.

किल्लारीने काय शिकवले?

कमी जागा सोडल्याने काय होते ते पाहिले. जास्त जागा सोडली तर सारे ठीक होते का, याचे उत्तर मराठवाड्यात मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. एकाच वेळी इतकी गावे कोऱ्या जमिनीवर आखण्याचा असा प्रसंग राज्यात क्वचितच आला असेल.

त्या वेळच्या भीतीचे कारण समजण्यासारखे होते. जुन्या गावांत माळवदाची घरे होती. जाड दगडी भिंतींवर मातीचे जड धाबे. ती अरुंद गल्ल्यांत कोसळली आणि ढिगाऱ्यांमुळे मदत आत पोहोचणे अवघड झाले. त्यामुळे नव्या गावांत रुंद, काटकोनात छेदणारे रस्ते आणि सुटी घरे अशी आखणी झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण नवी गावे जुन्यांच्या कैक पट जागेवर पसरली. या पुनर्वसनाचा पुढे अनेक अभ्यासकांनी मागोवा घेतला आणि त्यांच्या निरीक्षणांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या : रस्ते आणि गटारे इतकी लांब, की त्यांची देखभाल ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात बसेना, रस्ते रुंद, पण सावली नाही आणि बसण्याची जागा नाही, जुन्या आळीत शेजारी असलेली माणसे गावाच्या दोन टोकांना गेली.

यात एक महत्त्वाचा तपशील आहे. घरांचा आकार जमीनधारणेवर ठरला होता : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. अनेक गावांत सारख्या आकाराची घरे एकत्र बांधली गेली. त्यामुळे कोणत्या रस्त्यावर कोण राहते, हे जमिनीवरून ठरले. रस्त्याच्या आखणीने गरीब-श्रीमंतांची रेघ पक्की केली.

किल्लारीचा धडा असा, की रुंदी हे नियोजनाचे एकमेव माप नाही. एक किलोमीटर लांब आणि नऊ मीटर रुंद रस्त्याला नऊ हजार चौरस मीटर, म्हणजे सव्वादोन एकरांच्या आसपास जागा लागते. साडेचार मीटरच्या रस्त्याला त्याच्या निम्मी. छोट्या गावाने प्रत्येक गल्ली नऊ मीटरची करायची ठरवली, तर जमीन जाते, खडीकरणाचा खर्च दुप्पट होतो आणि दर काही वर्षांनी तोच खर्च पुन्हा उभा राहतो. मोजके रस्ते रुंद, बाकीचे बेताचे, पण सगळे एकमेकांना जोडलेले, ही छोट्या वस्तीसाठी खरी काटकसर आहे.

मग जाळे आखायचे कसे?

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. एका किलोमीटरच्या नऊ मीटर रुंद काँक्रीट रस्त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार लाख लिटर पाणी जमा होते. दहा हजार लिटरचे ४५ टँकर. हे पाणी कुठे जाणार, हे आधी ठरले नाही तर ते घरात जाते. अनेक गावांत जुने काँक्रीट न उखडता त्यावरच नवा थर टाकला जातो. दोन-तीन वेळा असे झाले की रस्ता वर आणि उंबरा खाली जातो. म्हणून ओढे, नाले आणि नैसर्गिक उतार नकाशावर आधी उमटवायचे. मुख्य गल्ल्या उताराला धरून, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना मोकळी पट्टी.

दुसरी पायरी म्हणजे लोक आज कुठून चालतात ते पाहणे. शाळेकडे, विहिरीकडे, दूध संकलन केंद्राकडे, स्मशानाकडे जाणाऱ्या पायवाटा हा गावाने स्वतःच काढलेला आराखडा असतो. स्मशानाची वाट दुसऱ्याच्या शेतातून जात असेल, तर पावसाळ्यात अंत्ययात्रा अडते आणि भांडणे होतात. ही वाट जाळ्यात पहिल्या फळीतच यायला हवी.

तिसरी पायरी रस्त्यांची उतरंड. छोट्या गावाला तीन प्रकार पुरतात. पहिला, गावाला वळसा घालून मुख्य रस्त्याला दोन ठिकाणी मिळणारा वळण रस्ता. समोरासमोर आलेल्या दोन गाड्या सुटायला साधारण साडेपाच मीटर डांबरी किंवा काँक्रीटची पट्टी लागते. गटार, झाडे आणि पाइपलाइन धरून जागा त्याहून अधिक राखावी. दुसरा, आळीचा रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील एकेरी रस्त्याची पट्टी ३.७५ मीटरची असते. गावातल्या आळीलाही तेवढी पुरते, मात्र तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी कड हवी. तिसरा, माणसांपुरता बोळ, जो दोन आळ्या जोडतो आणि मुलांना शाळेचा वळसा वाचवतो. तो अरुंद असला तरी चालतो, पण बंद नको.

चौथी गोष्ट राज्य मार्गाची. मुख्य रस्त्याकडेला माळेसारखी घरे आणि दुकाने बांधली, की प्रत्येक दार भरधाव वाहनांच्या समोर उघडते. त्याऐवजी मागे समांतर आतला रस्ता ठेवून मुख्य रस्त्याला फक्त दोन-तीन ठिकाणी जोड दिला, तर अपघात कमी होतात आणि मागची जमीनही वापरात येते. गावाच्या आत चौकापेक्षा तिठा बरा. तिथे वाहनाला वेग कमी करावाच लागतो.

पाचवी गोष्ट जमिनीखालची. जलजीवन मिशनच्या नळयोजनेसाठी नुकतेच केलेले काँक्रीट फोडलेले रस्ते अनेक गावांत आहेत. पाण्याची पाइपलाइन एका कडेला, सांडपाण्याचे गटार दुसऱ्या कडेला आणि मधली पट्टी वाहनांना, हे आधी ठरले तर रस्ता दरवर्षी खणावा लागत नाही आणि पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळण्याचा धोकाही कमी होतो.

ग्रामपंचायत काय करू शकते?

कायद्याने प्रादेशिक नियोजनाचा अधिकार ग्रामपंचायतीकडे नाही. तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार इतर यंत्रणांकडे आहे. रस्त्यांची मालकीही विभागलेली आहे : राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गावातले रस्ते ग्रामपंचायतीकडे. या वाटणीमुळे गावाचे एकसंध चित्र कुणाच्याच टेबलावर नसते.

तरीही ग्रामपंचायतीच्या हातात बरेच काही आहे. गावातल्या रस्त्यांची नोंद नमुना २३ मध्ये ठेवणे हे तिचे कामच आहे. ज्या रस्त्याची नोंद लांबी-रुंदीसह आहे, त्यावर अतिक्रमण झाले तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार ते हटवता येते. नोंदच नसेल, तर वाद वर्षानुवर्षे चालतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने मोजमाप होऊन नकाशे तयार होत आहेत. या नकाशावर गल्ल्या स्पष्ट दिसतात. नमुना २३ भरायला याहून चांगला आधार नाही.

गावठाणाबाहेरच्या शेतरस्त्यांसाठीही साधने आहेत. बांधावरून वाट मागण्यासाठी महसूल संहितेचे कलम १४३ आणि वहिवाटीचा रस्ता अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ वापरता येते. दुसऱ्या मार्गाने जायचे तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली आणि २०२५ मध्ये शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद ठेवून सातबाराच्या इतर हक्कांत नोंदवण्याचे शासनाचे धोरण आले. आजचा शेतरस्ता हाच उद्याचा वस्तीचा रस्ता असतो. त्यामुळे गावाजवळच्या पाणंदी मोकळ्या करताना पुढच्या वीस वर्षांचा विचार व्हायला हवा.

जमीन कोण देणार?

सगळ्या आखणीला येणारा पहिला आक्षेप हाच असतो, आणि तो रास्त आहे. नकाशावर रेघ ओढणाऱ्याचे काही जात नाही. ज्याच्या शेतातून ती जाते त्याचे जाते. एकाच्या दोन एकरांतून रस्ता आणि शेजाऱ्याच्या जमिनीला फुकटचा रस्ताकडेचा भाव, असे झाले तर कुणीही विरोधच करील.

याचे उत्तर कायद्यात जुनेच आहे. नगररचना योजना नावाची पद्धत १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून चालत आली आहे. तिच्यात परिसरातील सर्व जमिनी एकत्र धरल्या जातात, रस्ते आणि मोकळ्या जागांसाठी प्रत्येकाकडून हिस्सा घेतला जातो आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्यालगतच्या भूखंडाच्या रूपात मूळ मालकांना परत मिळते. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हीच पद्धत हाती घेतली. छोट्या गावाला एवढी मोठी योजना पेलणार नाही; पण तत्त्व वापरता येते. दहा-बारा शेजारी मालक एकत्र आले, प्रत्येकाने प्रमाणात जागा सोडली आणि ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र केले, तर कुणा एकावर बोजा पडत नाही. रस्ता मिळालेल्या प्लॉटचा भाव वाढतो, हे विकणाऱ्यालाही कळते. अडचण असते ती पहिला कोण पुढे येणार याची, आणि तिथे सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी एकत्र बसण्याची गरज आहे.

सरकारनेही आपला वाटा उचलला पाहिजे. गुंठ्यांचे व्यवहार नियमित करताना त्या प्लॉटपर्यंत नोंदलेला रस्ता आहे का, हा एक प्रश्न अर्जात असायला हवा. रस्ता नसेल तर शेजारच्या मालकांसह तो आखून देण्याची जबाबदारी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयावर टाकता येईल. नगररचना विभागाकडे मनुष्यबळ अपुरे असेल, तर मोठ्या गावांपासून सुरुवात करून पाच-पाच गावांचा साधा रस्ते आराखडा करता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. क्रम बदलावा लागतो. आधी रस्ता, मग प्लॉट, मग घर.

घर चाळीस-पन्नास वर्षांत पाडून पुन्हा बांधले जाते, रस्त्याची रेघ मात्र शतकानुशतके हलत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत विषयपत्रिकेवर रस्त्याचे ‘काम’ असते, म्हणजे कोणत्या गल्लीत काँक्रीट टाकायचे ते. तिथे एकदा रस्त्याची ‘रेघ’ हा विषय यावा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावठाण आणि भोवतालच्या २०० मीटरचा नकाशा लावावा, कोणते रस्ते कुठे जुळणार ते त्यावर गावाने मिळून आखावे आणि ठरावासह नमुना २३ व सातबाऱ्यावर चढवावे. ज्या शेतांत अजून प्लॉटचे दगड रोवले गेलेले नाहीत, तिथे हे आज एका बैठकीत होऊ शकते. दगड रोवल्यानंतर त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.